थुंकीची डबी आणि शनिवारचे नऊ प्रश्न

आज शनिवार, म्हणजे नऊ प्रश्नांचा दिवस. मोबाईलवरच्या डिप्रेशनच्या कोर्समध्ये दर आठवड्याला तेच येतात, झोप, भूक, कशात मन लागतं का, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, टोटल २७, जितके कमी तितकं बरं. सुरुवातीला माझे १८ होते, आज १३. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, त्याला मी अजूनही न वाचताच शून्य दाबतो, मग मागे जाऊन वाचतो.

दुपारी ताईचा पुण्याहून फोन. तिच्या ऑफिसात कुणीतरी डबीत थुंकी पाठवून डीएनए टेस्ट केली, तर म्हणे तूपण कर, हे ऑनलाईन प्रकरण तुला लागू पडणार का ते तरी कळेल, उगाच पैसे कशाला घालवतोस. फोन स्पीकरवर. आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "टेस्ट कशाला पाहिजे, आप्पा पण असेच. द्राक्षाची छाटणी तोंडावर आली की पिंपळगावच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचे, महिना महिना." मला आजवर आप्पा, म्हणजे माझे आजोबा, फक्त 'अबोल' म्हणून माहीत होते!

मग काय, वाचत बसलो. जुळ्यांच्या अभ्यासावरून डिप्रेशनमधला साधारण ३७ टक्के भाग आनुवंशिक धरतात, पण त्यासाठी एकच असं जीन नाही, शेकडो जागा आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर, त्या सगळ्यांची बेरीज करून स्कोअर काढतात. आणि आजार होणं वेगळं, उपचार लागू पडणं वेगळं, हे ताईला कसं सांगू. स्टॉकहोममध्ये कॅरोलिन्स्का या मेडिकल युनिव्हर्सिटीवाल्यांनी इंटरनेटवरून थेरपी घेतलेल्या ८९४ पेशंटांची सगळी माहिती, जीन्ससकट, कॉम्प्युटरला घालून बघितली की कोण बरं होणार ते आधी सांगता येतं का. शंभरात पासष्टेक बरोबर आले. त्यातही जीन्सपेक्षा जास्त वजन लक्षणं सुरुवातीलाच कमी व्हायला लागलीत का आणि उपचारावर माणसाचा भरोसा किती, याला. शिवाय हे जीन्सचे स्कोअर बहुतेक युरोपातल्या लोकांच्या डेटावर बेतलेले, पिंपळगावच्या आप्पांच्या नातवाला ते कितपत बसणार.

भरोशाचं वाचून जरा चपापलो. कोर्सच्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं, याचा किती उपयोग होईल असं वाटतं, मी १० पैकी ३ लिहिलेले. तेव्हा प्रामाणिकपणाच वाटला होता मला तो.

संध्याकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकला दोन राउंड मारले, होमवर्क होतं, मूड नसला तरी आधी बाहेर पडायचं. येऊन आईला विचारलं, मग आप्पा ओट्यावरून उठायचे कसे? तर म्हणे, आजी चहा ओट्यावर द्यायचीच नाही, मळ्यात विहिरीपाशी नेऊन ठेवायची, पाहिजे तर या तिकडे.

कोर्सवाल्यांना हेच सांगायला चार पानं लागलीत.