साक्यावरचा शोधनिबंध

गेल्या मे महिन्यात पावसजवळच्या बागेत आढी उलगडताना अण्णांनी एक हापूस माझ्यासमोर कापला. वरून डाग नाही, सुरकुती नाही, वास पडवीभर पसरलेला. आणि आत बाठ्याला लागून पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून काहीच कळत नसल्यामुळे साक्याचे असे फळ पेटीतून थेट गिऱ्हाइकाच्या ताटात जाते आणि बोल बागायतदाराला लागतो. "बाई, हा साका का धरतो, ते तुमच्या कॉलेजातल्या कुठल्या तरी पुस्तकात असेलच की," असे ते म्हणाले. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तेव्हा हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता.

त्या संध्याकाळी शोधायला बसले आणि पहिलाच निबंध हाती लागला तो बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मधला, २००४ सालचा. हे नियतकालिक १९३२ पासून चालू आहे आणि संकेतस्थळावर वाचायला एक पैसाही लागत नाही. फळ झाडावर असतानाच आतली बी अंकुरण्याच्या मार्गाला लागते आणि साक्याचा संबंध या घडामोडीशी आहे, अशी त्या निबंधाची मांडणी आहे. चौदा आणे तयार झालेला आंबा उतरवला तर साका कमी निघतो, हे अण्णा वडिलांकडून शिकले होते. आता त्याचे एक संभाव्य कारणही त्यांना कळले. त्यानंतर उघडायला घेतलेले पुढचे तीन निबंध मात्र कुलूपबंद निघाले. सारांश वाचा, पुढचे वाचायचे तर तीस-चाळीस डॉलर मोजा. म्हणजे हंगाम उतरताना एका बऱ्या पेटीचे जेवढे येतात, जवळपास तेवढे, आणि तेही निबंध कामाचा आहे की नाही हे कळण्याआधीच.

यावर सरकारने तोडगा काढलेला आहे, हे मला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर केले आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना व संशोधन संस्थांना खुली झाली. योजना चांगलीच आहे; एकेका विद्यापीठाने वेगवेगळी वर्गणी भरण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची. परंतु माझे महाविद्यालय विनाअनुदानित आहे, आणि अण्णा तर कुठल्याच संस्थेत नाहीत. शिवाय ती वर्गणी आहे, मुक्त प्रवेश नव्हे: पैसे भरणे थांबले की दार पुन्हा बंद.

मुक्त प्रवेशाची कल्पना मुळात याहून मोठी होती. फेब्रुवारी २००२ मधल्या बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात श्रीमंतांचे ज्ञान गरिबांपर्यंत आणि गरिबांचे ज्ञान श्रीमंतांपर्यंत पोहोचावे, अशी स्पष्ट आकांक्षा आहे. त्यातली पहिली अर्धी गोष्ट बऱ्याच अंशी घडली. दुसरी अडली ती पैशापाशी, कारण वाचकाकडून घ्यायचे पैसे अनेक प्रकाशकांनी लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. ‘नेचर’ने २०२१ पासून मुक्त प्रकाशनासाठी ठेवलेला दर साडेनऊ हजार युरो होता, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने साडेआठ लाख रुपयांच्या आसपास, आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे काही वर्षांचे मानधन त्यात जाईल. सगळी नियतकालिके एवढी महाग नसतात हे खरे, पण लाख-दीड लाख हा आकडासुद्धा आमच्यासाठी ‘नाही’ या शब्दाचाच दुसरा उच्चार आहे.

गरीब देशांना शुल्कात सवलत असते, असे यावर सांगितले जाते. असते, पण ती कोणाला, हे जागतिक बँकेच्या याद्यांवरून ठरते. दरडोई उत्पन्नाच्या हिशेबाने भारत निम्न-मध्यम गटात बसतो, तरी मोठ्या प्रकाशकांच्या नियमांत देशाचे एकूण उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे अशीही अट आढळते, आणि एवढा मोठा देश त्या मर्यादेत मावणार कसा? देश मोठा म्हणून त्यातल्या खेड्यातली मास्तरीण श्रीमंत ठरते. (हे गणित ज्याने मांडले, त्याला एकदा आमच्या प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शके दाखवायची माझी इच्छा आहे.)

या फटीतूनच बनावट नियतकालिके आत शिरतात. बढतीसाठी निबंधांची संख्या दाखवावी लागत होती त्या काळात मीही एकाला साडेतीन हजार रुपये पाठवले होते. चार दिवसांत ‘स्वीकृत’ असे पत्र आले, एका अक्षराचीही दुरुस्ती कोणी सुचवली नाही, आणि वर्षभरात ते संकेतस्थळच नाहीसे झाले. माझी मूर्खपणाची फी म्हणून मी ते सोडून दिले, तरी त्या निबंधातली कांदळवनातली तीन पावसाळ्यांची निरीक्षणे आज कोणालाही सापडणार नाहीत, ही टोचणी राहिली आहे.

दुसरा मार्ग नाही असे नाही. ब्राझीलमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘सायेलो’ने सार्वजनिक पैशावर नियतकालिके चालवून दाखवली, आणि लॅटिन अमेरिकेतली असंख्य नियतकालिके आजही वाचकाकडून वा लेखकाकडून काही न घेता निघतात. आपल्याकडेही कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर आणि इतर विद्यापीठांचे ‘शोधगंगा’वर मोफत मिळतात. छपाईपूर्व मसुदा एखाद्या खुल्या संग्रहात ठेवायलाही खर्च येत नाही; फक्त बढतीच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. निबंध कसा आहे हे वाचून ठरवण्यापेक्षा तो कुठे छापला हे पाहणे सोपे, आणि त्या सोयीची किंमत प्रकाशक वसूल करतात.

साक्याचे कारण समजावून सांगितले, तेव्हा अण्णा आत गेले आणि एक जुनी डायरी घेऊन आले. अकरा हंगामांची नोंद: कुठल्या कलमाचा आंबा कुठल्या तारखेला उतरवला, किती फळे कापली, कितीत साका निघाला. सड्याच्या कडेची झाडे वेगळ्या पानांवर, घरामागच्या सावलीतली वेगळ्या. मी त्यावरून सहा पानांचे टिपण तयार केले. एका परदेशी नियतकालिकाने विषय आवडल्याचे कळवले आणि त्याखालीच शुल्काचा आकडा दिला. अण्णांना तो रुपयांत करून सांगितला, तेव्हा ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "एवढ्यात दोन गडी वर्षभर ठेवीन." आता ते टिपण खुल्या संग्रहात ठेवायचे आम्ही ठरवले आहे, दोघांच्या नावाने; मराठी सारांश आधी येईल, इंग्रजी मागाहून. तेवढ्यासाठी बाराव्या हंगामाचे पान त्यांनी आखून ठेवले आहे, आणि मोहोर यंदा उशिरा आला, हे त्यावर सगळ्यात वर लिहिले आहे.