रडायलीय की रडवायलीस

शनिवार, रात्रीचा दीड

ठमी झोपलीय. मीही झोपायला पाहिजे. बाळ झोपलं की तूही झोप, हे सांगून गेला नाही असा माणूस या गल्लीत उरला नसेल. पण कालपासून एक वाक्य कानातून निघत नाही.

काल संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तिला खांद्यावर टाकून मी मागच्या दारात उभी होते. ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती. भिंतीपलीकडून अक्कांचं डोकं वर आलं. "का रडवायलीस गं लेकराला?" आणि डोकं खाली गेलं.

झालं एवढंच.

"का रडायलीय" म्हणाल्या असत्या तर मी विसरूनही गेले असते. रडवायलीस! शाळेत प्रयोजक क्रियापदं घोकली होती, हसणे-हसवणे, रडणे-रडवणे. तेव्हा मार्कं मिळाली होती. त्या एका ‘व’नं बाळाच्या रडण्याचा कर्ता बदलला आणि ती जागा मला मिळाली.

मी रडवत होते? दूध झालं होतं. दुपटं कोरडं होतं. दोन ढेकर काढून झाले होते. झबल्याचे बंद सैल केले, वारा घातला. पायाच्या बोटांत माझा केस तर अडकला नाही ना, तेही बघितलं. डॉक्टर म्हणाले होते की केस गुंडाळला जाऊन बोट सुजतं आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. काखेत थर्मामीटर लावला. ९८.४. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा वर ताप दिसला तर रात्र-दिवस न बघता घेऊन या, असं त्यांनी बजावून सांगितलंय, त्यामुळे हा थर्मामीटर आता माझ्या उशाखालीच असतो. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आत्याचं गुटीचं सुरू झालं. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे मी तिसऱ्यांदा सांगितलं. "सोलापूरच्या उन्हाळ्यात लेकराला पाणी नाही?" हे तिनं पाचव्यांदा विचारलं.

एक मात्र कबूल करायला हवं. दुपारी मी फोन बघत बसले होते आणि ठमी मुठी चोखत होती, तोंड इकडून तिकडं फिरवत होती. भुकेची भाषा तीच असते, रडणं शेवटी येतं. एवढं माहीत असून मी ते शेवटापर्यंत जाऊ दिलं. मग ती इतकी चिडली की तोंडात दूध असून घेता येईना. तेव्हाचा ‘व’ माझाच. पण ते दुपारचं. अक्कांनी बघितलं ते संध्याकाळचं.

संध्याकाळचं हे तसं रोजचंच. दिवे लागले की सुरू. सातवा आठवडा चाललाय. रात्री तिला मांडीवर घेऊन वाचत बसते, त्यात सापडलं की ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञानं १९६२ मध्ये ८० धडधाकट बाळांच्या रडण्याच्या नोंदी मांडल्या होत्या. आयांनीच लिहून ठेवलेल्या. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेदोन तास, सहाव्यात पावणेतीन, मग उतार. आणि जास्त करून संध्याकाळी. वाचून आधी हायसं वाटलं, मग रडू आलं. धडधाकट बाळं. म्हणजे कुणी काही चुकलेलं नसताना पावणेतीन तास. हे मला दवाखान्यातून घरी येताना कुणी का सांगितलं नाही? टाके कसे पुसायचे ते सांगितलं, डिंकाचे लाडू किती खायचे ते सांगितलं. अमोलला हे वाचून दाखवायला फोन लावणार होते. नाही लावला. त्याला सकाळी... जाऊ दे.

काल आठ वाजता एक क्षण असा आला की माझे हात घट्ट झाले. यापुढचं लिहायला जड जातंय. मी तिला पाळण्यात उताणी ठेवली, आईला हाक मारली आणि गच्चीवर गेले. हेही डॉक्टरांनीच सांगून ठेवलेलं. राग अनावर झाला तर बाळाला सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर जा, पण गदागदा हलवू नका. मान धरलेली नसते, हिसक्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. ऐकताना वाटलं होतं, असं कोण करेल? गच्चीवर कठड्याला धरून उभी होते तेव्हा कळलं, करणारे कोणी वेगळे नसतील. खाली ती रडत होती. रडवायलीस, रडवायलीस.

आता खरी गंमत. काल ती उठलीच का? पावणेसहाला गाढ झोपली होती. साडेसहाला लाईट गेली. लाईट गेली म्हणून अक्कांच्या शेडमधले टॉवेलचे माग थांबले. माग थांबले आणि ठमीनं डोळे उघडले. पावणेदहाला लाईट आली, खटाक्-खट, खटाक्-खट सुरू झालं आणि दुसऱ्या मिनिटाला बाईसाहेबांच्या मुठी सैल. तीन तास मी आळवलेल्या अंगाया गेल्या वाऱ्यावर. माझ्यापेक्षा तिला यंत्रमाग जवळचा!

काल हे फार लागलं होतं. आज दिवसभर विचार करून थोडं हसू यायला लागलंय. ओटीभरणानंतर सातव्या महिन्यापासून मी इथंच आहे. त्या सुमाराला पोटातल्या बाळाला ऐकू यायला लागलेलं असतं. माझ्या रक्ताची घरघर, छातीची धडधड आणि वरून अक्कांचे चार माग. बाहेर आल्यावर शांतता बघून घाबरणार नाही तर काय? पुढं आणखी एक वाचलं. जर्मनीतल्या कॅथलीन वेर्म्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचा सूर खालून वर चढणारा, जर्मन बाळांचा वरून खाली उतरणारा. आईच्या बोलण्यासारखाच. मग आमच्या ठमीनं काय करावं? घरात मराठी, भिंतीपलीकडं तेलुगू, समोर कन्नड, कोपऱ्यावरच्या दुकानात उर्दू. मी नीट कान देऊन ऐकलं. ती मागाच्या ठेक्यात रडते. दोन लांब, एक आखूड.

जपानमधल्या रिकेन संस्थेचा २०२२ चा उपायही करून पाहिला. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं चालायचं, झोपलं की पाच ते आठ मिनिटं तसंच घेऊन बसायचं, मग खाली ठेवायचं. चालले. बसले. सातव्या मिनिटाला ठेवली. झोपली! मी पायाच्या चवड्यांवर दारापर्यंत पोचले आणि आत्यानं स्वयंपाकघरात कुकरचं झाकण पाडलं.

आज सकाळी ठमीला कोवळ्या उन्हात घेऊन बसले होते. अक्का पलीकडं पायरीवर विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. पायाच्या अंगठ्याला साडीच्या झोळीची दोरी, झोळीत नातू. हात पान गुंडाळतायत, दोरा मारतायत, अंगठा दोरी ओढतोय, आणि या सगळ्यात नातू टाहो फोडतोय. अक्का एकदाही वर बघत नव्हत्या. मला वाटलं आता विचारावं, तुम्ही का रडवायलाय?

तेवढ्यात त्यांच्या हातातलं पान मधोमध फाटलं. मग दुसरं. त्यांनी दोन्ही बाजूला टाकली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "रात्री भिजवली नाहीत नीट. पानं रडवायलीत बघ सकाळपासून. काल लाईटनं रडवलं, आज पानं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. काही बोलले नाही. नातवाला झोळीतून काढून त्यांनी हातावर पालथं घेतलं, तो आणखी जोरात रडला, त्यांनी परत झोळीत टाकला. "रडू दे थोडं. थकंल की झोपंल," म्हणाल्या आणि पुढचं पान उचललं.

मला उगाच चहा घ्यावासा वाटला. दोघींसाठी टाकला, भिंतीवरून दिला.

पलीकडं माग थांबलेत. कांडीवरचं सूत संपलं असेल, नाहीतर परत लाईट. पाळण्यातून एक पाय वर आलाय.