सांतियागोच्या वाटेवर आम्ही पाच जण

वर्षभर एका वर्गात बसूनही माणसं एकमेकांना किती अनोळखी राहू शकतात, हे मला आस्तोर्गाच्या बसस्टँडवर कळलं. स्पेनमधल्या एका विद्यापीठात आम्ही जलव्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. केनियाची एक मुलगी, पोलंडची एक, एक मुलगा मेक्सिकोचा, एक दक्षिण कोरियाचा आणि इंदापूरची मी. गटाने अहवाल लिहिले होते, रात्री जागून सादरीकरणं केली होती. पण कुणाच्या घरी कोण कोण असतं, कुणाला कसली भीती वाटते, यातलं काहीही आम्हाला माहीत नव्हतं. जूनच्या परीक्षा संपल्यावर केनियाच्या मैत्रिणीने सहज विचारलं, "कामिनोला कोण कोण येतंय?" आणि आम्ही चौघं हो म्हणालो.

कामिनो म्हणजे सांतियागो दे कोंपोस्तेलाची पायी यात्रा. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत जेम्स, म्हणजे स्पॅनिश लोकांचा सांतियागो, तिथल्या कॅथेड्रलमध्ये चिरविश्रांती घेतो आहे अशी श्रद्धा आहे, आणि मध्ययुगापासून लोक तिथे चालत जातात. फ्रान्सच्या सीमेवरून निघालं तर हा मार्ग सुमारे ७८० किलोमीटरचा. आम्ही आस्तोर्गाहून निघालो, म्हणजे साधारण २६० किलोमीटर. हातात एक घडीची पुस्तिका असते, तिला क्रेदेन्सियाल म्हणतात. मुक्कामाच्या ठिकाणी, चर्चमध्ये, अगदी चहाकॉफीच्या दुकानातही तिच्यावर शिक्का घ्यायचा. मुक्कामाच्या धर्मशाळांना आल्बेर्गे म्हणतात: दुमजली खाटा, दाराशी बुटांची फळी, रात्री दहाला दिवे बंद. बाहेर तेव्हा अजून उजेड असतो, हे मला शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही.

दिंडीत सगळे एका चालीने चालतात. तिथे तसं नाही. ज्याची त्याची चाल. मेक्सिकोचा मित्र सकाळी निघाला की थेट पुढच्या गावातच दिसायचा. कोरियाचा पहाटे पाचला उठून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायचा, हिशेबाची वहीही त्याच्याकडेच. पोलंडची मैत्रीण एकटी चालायची, कुणाशी फारसं न बोलता. वर्गातही ती तशीच. पहिले दोन दिवस मला वाटलं, हे काही सोबत चालणं नव्हे, एकाच वाटेवरची पाच वेगवेगळी माणसं आहेत.

तिसऱ्या दिवशी आम्ही क्रुस दे फेरोला पोचलो. दीड हजार मीटर उंचीवरचा माळ, त्यावर उंच लाकडी खांब, त्याच्या टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आणि खाली दगडांचा ढीग. लोक आपापल्या गावाहून दगड आणतात आणि इथे ठेवतात. पोलंडच्या मैत्रिणीने खिशातून एक चपटा करडा दगड काढला, ढिगावर चढून तो ठेवला आणि खाली येऊन एवढंच म्हणाली, "आजोबांच्या अंगणातला." आम्ही कुणी काही विचारलं नाही. मेक्सिकोच्या मित्राने मात्र त्या दिवशी पुढे जाणं सोडलं आणि तिच्यामागे दहा पावलांवरून चालत राहिला.

तिथून मोलिनासेकापर्यंतचा उतार फार वाईट आहे. सुट्या दगडांची, धारदार कपारींची वाट, गुडघे अक्षरशः बोलायला लागतात. संध्याकाळी तिने बूट काढले तेव्हा मोज्याला रक्त लागलेलं होतं. दोन्ही टाचांना फोड आलेले, एक फुटलेला. सकाळपासून दुखत होतं, पण ती कुणाला बोलली नव्हती. "तुम्ही सगळे माझ्यामुळे थांबाल," म्हणाली.

मी तिचा पाय मांडीवर घेतला. ती एकदम दचकली आणि पाय मागे ओढायला लागली. मळलेला पाय दुसऱ्याच्या मांडीवर हे तिला सहन होईना. मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं, आणि मग लक्षात आलं की ते कुठून आलं. तुकोबांची पालखी इंदापूरला मुक्कामी असते तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात वारकरी उतरतात. लहानपणी आम्ही तेलाच्या वाट्या घेऊन तिथे जायचो आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा आज्यांचे, काकांचे पाय चेपायचो. आई म्हणायची, चालून आलेल्या पायाला शिवायला विचारायचं नसतं. आमच्या घरातलं कुणी पंढरपूरपर्यंत चालत गेलेलं नाही. पालखीच्या दिवसांत घरी पंगती उठत असतात, घर सोडणार कोण? वारी मला ठाऊक होती ती वाढणाऱ्याच्या बाजूने.

हे सगळं मी तिला पाय धूत असतानाच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पाय सैल सोडला. केनियाच्या मैत्रिणीने जंतुनाशक आणलं, कोरियाच्याने फोडांवर लावायच्या पट्ट्या मापात कापल्या. मग तीच बोलायला लागली. आजोबा विहिरी खणायचे, पाण्याचा हा विषय तिने त्यांच्यामुळे निवडला होता, आणि ते मागच्या हिवाळ्यात गेले तेव्हा आमची परीक्षा चालू होती. ती परीक्षा मला नीट आठवते. ती माझ्या शेजारच्या बाकावर होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही टप्पे लहान केले. कोरियाच्याने परतीचं तिकीट बदललं, आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं.

ओ सेब्रेरोचा चढ धुक्यात चढलो. गालिसिया प्रांत इथून सुरू होतो. गवताने शाकारलेली गोल दगडी घरं आहेत, आणि चर्चजवळ एलियास वालिन्या या पाद्र्यांचा अर्धपुतळा. हे इथलेच धर्मगुरू. कामिनो जवळपास विसरला गेला होता तेव्हा, १९८० च्या दशकात, पिवळ्या रंगाचे डबे घेऊन ते वाटेवर झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवत फिरले. आज लाखो लोक ज्या बाणांच्या भरवशावर चालतात त्यांची सुरुवात या माणसाने केली. मी त्या पुतळ्याला वाकून नमस्कार केला. केनियाच्या मैत्रिणीनेही मला बघून हात जोडले.

त्याच मुक्कामी सकाळी सहाला आईचा व्हिडिओ आला. तिकडे साडेनऊ वाजले होते. बेलवाडीचं गोल रिंगण, अश्व धावतोय, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकताहेत. चौघांनी माझ्या फोनभोवती डोकी लावून तो परत परत पाहिला. मेक्सिकोचा विचारत राहिला, "तो घोडा कुणासाठी मोकळा सोडलाय?" घोड्यावर तुकोबा बसलेले असतात असं मानतात, हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प चालला, आणि गप्प बसणं हा त्याचा स्वभाव नव्हे.

सारियापासून गर्दी वाढते. पायी जाणाऱ्याने किमान १०० किलोमीटर चाललं तरच कोंपोस्तेला हे प्रशस्तिपत्र मिळतं, म्हणून पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात. आमच्यातल्या कुणीतरी नाक मुरडलं, तर केनियाची म्हणाली, ज्याला जेवढं जमतं तेवढं त्याचं. मला ते पटलं. पंढरीच्या वाटेवरही कुणी आळंदीपासून असतं, कुणी वाखरीपासून.

एका मुक्कामी स्वयंपाकघर होतं, भांडी मात्र नव्हती. दुपारची दुकानं बंद झालेली. शेजारच्या घरातल्या आजींनी आपलं मोठं पातेलं दिलं. तांदूळ, मसूर, लसूण आणि तिखटाच्या जागी तिथला धुरावलेला लाल मिरचीचा मसाला घालून मी खिचडी केली. आमच्यासोबत त्या खोलीतले सगळेच जेवले. पातेलं मेक्सिकोच्या मित्राने घासून परत नेलं आणि येताना चार लिंबं घेऊन आला.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पोर्तोमारिनबद्दल. मिन्यो नदीवर बेलेसार धरण झालं आणि १९६० च्या दशकात जुनं गाव पाण्याखाली गेलं. वरच्या टेकडीवर नवं गाव वसवलं. जुन्या गावातलं चर्च दगड न् दगड उतरवून वर पुन्हा बांधलं, आणि त्या दगडांवर घातलेले आकडे आजही भिंतीवर वाचता येतात. आम्ही पाच जण त्या भिंतीवर बोटं फिरवत उभे होतो. माझ्या आजीचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं आणि लोक होडीतून, चालत बघायला जातात. वर्षभर धरणांची गणितं सोडवताना मी हे वर्गात एकदाही बोलले नव्हते. विस्थापन हा आमच्या पाठ्यक्रमात एक तास होता. तिथे, पुलाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही त्यावर अख्खी दुपार बोललो. केनियाच्या मैत्रिणीचा काका धरणाच्या नुकसानभरपाईसाठी अजून कोर्टात जातो, हे तेव्हा कळलं. ती सांगत असताना कोरियाच्याने हिशेबाची वही उलटी करून मागच्या पानावर टिपणं काढायला सुरुवात केली.

सांतियागोला पाचही जण एकत्र शिरलो, सर्वांत पुढे पोलंडची. ओब्रादोइरो चौकात लोक पाठपिशव्या उशाला घेऊन फरसबंदीवर आडवे झालेले असतात, आम्हीही झालो. कार्यालयात यात्रेचं कारण विचारतात. तिने 'धार्मिक' लिहिलं, मी 'आध्यात्मिक', मेक्सिकोच्याने खूप विचार करून माझंच उतरवून घेतलं.

सप्टेंबरात नवं सत्र सुरू झालं आणि प्रकल्पाचे विषय द्यायचे होते. पोलंडच्या मैत्रिणीने आणि मी एकच अर्ज भरला: बेलेसारमध्ये बुडालेली गावं आणि तिथल्या माणसांच्या आठवणीतलं पाणी. पाण्याची पातळी खाली गेली की पोर्तोमारिनचा जुना पूल आणि घरांचे पाये उघडे पडतात, तेव्हा मोजमापाला जायचं ठरलंय. बाकी तिघांचा प्रकल्पाशी काही संबंध नाही, पण त्यांनीही रजा टाकली आहे.