तुम्ही विचारलंत म्हणून : कट्ट्यावर पहिल्यांदा जाताना

‘वाचनालयात महिन्यातून एकदा लेखन कट्टा भरतो, तिथे लिहिणारे आपलं लेखन वाचतात आणि त्यावर चर्चा होते. पहिल्यांदा जायचंय. लिहिलेलं घेऊन जाऊ की नुसतं ऐकायला बसू?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. माझं उत्तर एकच : घेऊन जा, पण छोटं आणि पूर्ण झालेलं. त्या दिवशी तुमची वाचायची पाळी आली नाही तरी बिघडत नाही. पिशवीत स्वतःचं काही असलं की दुसऱ्याचं ऐकतानाही कान वेगळे लागतात.

छोटं म्हणजे किती, हे घड्याळावर ठरतं. ऐकणाऱ्याला कळेल अशा लयीत मराठी गद्य वाचलं, तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांत ५०० ते ६०० शब्द. दोन हजार शब्दांची कथा पाऊण तासाच्या बैठकीतली वीस मिनिटं खाते. मग वाचणारा मधले परिच्छेद गाळत सुटतो, आणि गाळलेल्या कथेवर कुणालाच धड बोलता येत नाही. त्यापेक्षा सुरुवातीची दोन पानं सलग वाचावीत. दिलेल्या वेळेत चर्चाही धरलेली आहे का, हे आयोजकांना आधीच विचारून घ्या.

घरी दोनदा मोठ्यानं वाचा, मोबाइलवर वेळ लावून. जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा वाक्यच लांबलेलं असतं. एकात एक दोन-तीन ‘जो-तो’ आले की डोळे निभावून नेतात, कानाला ते पेलत नाही.

प्रती पाच-सहा पुरतात. अक्षर १४ पॉइंटचं, ओळींत दीडपट अंतर, उजवीकडे तीन बोटं समास, पान एकाच बाजूला छापलेलं आणि प्रत्येक पानावर क्रमांक. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातली फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून युनिकोडमध्ये टाइप करा आणि घरूनच पीडीएफ करून न्या.

वाचण्याआधी प्रस्तावना नको. ‘हे घाईत लिहिलंय’, ‘यात मला असं म्हणायचंय’ असं सांगितलं की ऐकणारे तेच शोधत बसतात. कादंबरीतला मधला भाग असेल तर कोण, कुठे, एवढं दोन वाक्यांत सांगा आणि सुरू करा. वाचून झाल्यावर मात्र गप्प बसणं, हे सगळ्यांत अवघड काम. कुणी विचारलं, ‘ती शेवटी माहेरी का गेली?’ तर लगेच उलगडा करू नका. प्रश्न लिहून घ्या. तो उलगडा पानावर नाही, हेच त्यानं तुम्हाला सांगितलंय. सुचवलेले उपाय बहुधा एकमेकांच्या विरुद्ध असतात. एक म्हणेल प्रसंग वाढवा, दुसरा म्हणेल काढून टाका. उपाय बाजूला ठेवा, पण दोघं एकाच जागी थांबले हे विसरू नका.

दुसऱ्याच्या लेखनावर बोलताना ‘छान आहे’ एवढ्यावर थांबू नका. तुम्हाला गोष्ट काय कळली ते सांगा आणि धागा कुठे सुटला ते दाखवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रतीवर खूण करून द्याव्यात. त्यांची तोंडी चर्चा सुरू झाली की बैठक तिथेच संपते. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पात्र मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलत असेल तर त्याचे संवाद प्रमाण मराठीत ‘सुधारून’ देऊ नयेत. बोलीच्या आतली विसंगती दाखवावी, तीही ती बोली येत असेल तरच.

कविता असेल तर दोनदा वाचायची परवानगी मागा. पहिल्या वाचनात नाद पोचतो, दुसऱ्यात अर्थ. चाल लावून म्हणायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, १९२३ साली पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन गाजवलं. पण दुरुस्तीसाठी आणलेली कविता साधी वाचा, चालीत ढिली ओळही खपून जाते. गझल असेल तर वृत्त सांगून टाका. भुजंगप्रयात म्हटलं की ऐकणारा ‘लगागा’ (एक लघु, दोन गुरू अक्षरं) चार वेळा मोजतो आणि ओळ कुठे मोडली ते नेमकं दाखवतो.

दुसऱ्याच्या पानाचा फोटो काढून कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. अनेक दिवाळी अंक अप्रकाशित साहित्यच मागतात, आणि असं फिरलेलं लेखन लेखकाला अडचणीत आणू शकतं.

निघताना आपल्या प्रती परत मागून घ्या. त्यावर तारीख घाला, दोन दिवस तशाच राहू द्या आणि मग शेजारी शेजारी मांडा. तीन प्रतींवर एकाच ओळीपाशी पेन्सिलीची खूण असेल, तर तिथून कामाला लागा.