जपानचा पेटाबिट आणि आमचा जेसीबी

२०२५च्या जुलैतला दुसरा आठवडा. पाटण खोऱ्यात पावसाची झड लागलेली आणि मोबाइलवर जपानची. 'जपाननं इंटरनेटच्या वेगाचा विक्रम केला. सेकंदाला १.०२ पेटाबिट. भारतातल्या सरासरी वेगाच्या १ कोटी ६० लाख पट. अख्खं नेटफ्लिक्स एका सेकंदात डाउनलोड.' खाली रॉकेटची चित्रं. (एक पेटाबिट म्हणजे दहा लाख गिगाबिट.) मी एका स्थानिक इंटरनेटवाल्याकडं फायबर जोडायचं काम करतो, त्यामुळं ही बातमी वाचणाऱ्या प्रत्येकाला ती मलाच पाठवावीशी वाटत होती. बहुतेकांनी सोबत काही लिहिलं नव्हतं. एका किराणा दुकानदारानं तेवढं लिहिलं, 'वाचा आणि लाजा.'

त्याला काय उत्तर द्यावं या विचारात होतो, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. वरच्या अंगाच्या सगळ्या गावांचे ओएनयू, म्हणजे घरोघरी फायबर जिथं येऊन लागतं ते डबे, एकदम बंद, सगळीकडं लाल दिवे. एखाददुसरा बंद पडला तर उंदीर असतो, वीज असते, नाहीतर घरातल्या पोरानं ओढलेली पॅचकॉर्ड असते. सगळे एकदम गेले की केबल तुटलेली असते, आणि या दिवसांत केबल कोण तोडतं हे मशीन लावायच्या आधीच ठाऊक असतं. तरी ओटीडीआर लावावा लागतोच. तो केबलमधल्या काचेच्या तंतूत उजेडाचे ठोके सोडतो आणि माघारी येणाऱ्या किंचित उजेडावरून तुटल्याचं अंतर सांगतो. त्यानं ११.४ किलोमीटर दाखवलं. आता गाडीच्या मीटरवर ११.४ मोजून थांबलात तर पुढच्या गावात जाल. जमिनीतल्या चेंबरमध्ये, खांबांवर वेटोळी करून केबल शिल्लक ठेवलेली असते, ती मनातल्या मनात वजा करत जावं लागतं. कुठल्या चेंबरात किती लूप आहे हे नकाशात नसतं. ज्यानं केबल टाकली त्याच्या डोक्यात असतं. नशिबानं आमचा हेल्पर पोरगा त्या टोळीत होता.

वळणावरच जेसीबी दिसला. बकेट वर, मशीन बंद, ऑपरेटर खाली उतरून लांब झाडाखाली. रस्त्याकडेच्या गटारासाठी चर चालली होती. केबल चांगली खोल असायला हवी, तिथं ती दीड-दोन फुटांवरच होती. कुणी टाकली, कुणी मोजून बिल काढलं, यात मी पडत नाही. खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे हे विचारता यावं म्हणून मार्च २०२३मध्ये सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. ठेकेदाराच्या माणसाला ते माहीत आहे का, असं विचारलं तर म्हणाला, "ॲप हाय की. रेंज कुठं हाय हितं?" यावर मला काही बोलता येईना.

बकेटनं केबल नुसती कापली असती तर बरं झालं असतं. ती ओढली होती. ओढली की वरचं काळं कवच शाबूत दिसतं आणि आतली काच चार हात लांब कुठंतरी मोडलेली असते. दोन्ही बाजूंनी पुन्हा मोजून पाहिलं. मधला खराब तुकडा काढायचा, नवी केबल घालायची आणि दोन्ही टोकांना एकेक जॉइंट मारायचा, असं ठरलं. केबल २४ कोअरची, म्हणजे आत काचेचे २४ तंतू. दोन टोकांचे मिळून ४८ जोड, तेही भर पावसात.

गाडीच्या मागच्या दाराला ताडपत्री बांधली, आत पाटावर मशीन मांडलं. स्प्लायसिंगला, म्हणजे काचेला काच जोडायला, पाऊस चालत नाही. काचेवर ओल राहिली की जोड बिघडतो. ताडपत्री बघून आधी दोन माणसं आली. मग समोरच्या टपरीवरची आली, मग दूध डेअरीतली, मग सेवा केंद्रात दाखल्यासाठी ताटकळलेली. नेट बंद म्हणजे सगळ्यांनाच सुट्टी. आणि सगळ्यांनी सकाळी जपान वाचलेलं.

"काय हो, जपानमध्ये म्हणे सेकंदात पिक्चर उतरतोय, आणि आमचं दोन तास झालं बंद," अशी सुरुवात झाली. मग एक रिटायर गुरुजी म्हणाले, "हिरोशिमानंतर उभा राहिलेला देश आहे तो." मग जपानची शिस्त, जपानच्या रेल्वे, जपानी माणूस कचरा खिशात ठेवतो वगैरे. इंटरनेट त्यात राहिलंच नाही. मुंबईहून घरून काम करायला आलेला एक तरुण वैतागून फेऱ्या मारत होता. तो म्हणाला, "टेक्नॉलॉजी सगळी तयार असते, कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात. थोडी थोडी सोडायची आणि रिचार्ज वाढवायचा." यावर माना जोरात हलल्या. डेअरीतल्या एका म्हाताऱ्यानं मात्र गंभीरपणे विचारलं, "एवढ्या वेगानं पाखरं मरायची न्हाईत ना?" ५जी आलं तेव्हा तशी अफवा होती, ती त्यांच्या मनात राहिलेली. म्हटलं, "आबा, हे हवेतनं जातच नाही. काचेत उजेड कोंडलेला असतो." आबांचं तेवढ्यानं समाधान झालं.

सगळ्यात चलाख निघाली अकरावीच्या प्रवेशाला बसलेली एक मुलगी. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तिला कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे होते आणि नेट नव्हतं, म्हणून ती आईला घेऊन आली होती. वाट बघता बघता तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. पेटाबिट म्हणजे बिट, त्याला आठनं भागायचं, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वा लाख जीबी. "दादा, १२८ जीबीचे हजार मोबाइल एका सेकंदात फुल्ल होतील. पण नेटफ्लिक्स ठेवायचं कुठं?" दिवसभरात मला आलेल्या सगळ्या प्रतिक्रियांत हा एकच प्रश्न खरा होता.

एव्हाना माझी निळी कोअर मशीनमध्ये बसली होती. काम एकसुरी असतं. रंगाचं आवरण सोलायचं, अल्कोहोलनं पुसायचं, क्लीव्हरनं टोक सरळ छाटायचं, दोन्ही टोकं समोरासमोर ठेवायची, विजेची ठिणगी पडते, काच वितळून एक होते. स्क्रीनवर लॉस, म्हणजे जोडात किती उजेड वाया जातो तो आकडा, येतो, ०.०२ डीबी, ०.०१ डीबी. वर स्लीव्ह सरकवून हीटरमध्ये. मग नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पांढरी, की पुढची ट्यूब. हात चालू असले की तोंड मोकळं असतं, म्हणून मी त्यांना सांगू लागलो.

म्हटलं, ही उघडी काच बघा. ०.१२५ मिलिमीटर जाड. आम्ही हिलाच कोअर म्हणतो, पण खरी कोअर तिच्या मधोमध एकच, त्यातून उजेड जातो. जपानच्या एनआयसीटी या सरकारी संस्थेनं आणि सुमितोमो इलेक्ट्रिकनं एवढ्याच जाडीच्या काचेत १९ कोअर बसवल्या. जाडी तीच ठेवली, कारण केबल करायची यंत्रं, टाकायची पद्धत सगळी याच मापावर बेतलेली आहे. प्रत्येक कोअरमध्ये १८० वेगवेगळ्या तरंगलांबींचा उजेड सोडला, म्हणजे १८० रंग समजा. पण उजेड तिथंही तेवढाच पळतो जेवढा आपल्याकडं, काचेत सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास.

उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर असलेला एकजण इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "म्हणजे गाडीचं स्पीड तेच. रस्ता एकोणीस पदरी केला." मी इतकी वर्षं हे काम करतोय, मला एवढं नीट सांगता आलं नसतं.

त्या बातमीत जे कुणीच फॉरवर्ड केलं नाही ते त्याहून गमतीचं आहे. तसल्याच १९ कोअरच्या काचेतून याच लोकांनी २०२३ साली सेकंदाला १.७ पेटाबिट पाठवले होते. २०२५च्या विक्रमापेक्षा जास्त! पण ते ६३.५ किलोमीटरच गेले. २०२५मध्ये १.०२ पेटाबिट १,८०८ किलोमीटर नेले. पाटणहून निघालात तर दिल्लीच्याही पुढं. तेवढी केबल कुणी जमिनीत पुरली नव्हती, प्रयोगशाळेत ८६.१ किलोमीटरच्या फायबरातून उजेड २१ वेळा फिरवला आणि दर फेरीला १९ही कोअरमधला उजेड पुन्हा वाढवून घेतला. म्हणजे विक्रम अंतराचा होता. आमच्या धंद्यात अंतर हेच सगळं असतं. जवळच्या जवळ काहीही जातं. पण 'सेकंदात नेटफ्लिक्स' म्हटलं की माणूस हातातला मोबाइल बघतो, कारण इंटरनेट म्हणजे प्लॅनवर छापलेला एमबीपीएसचा आकडा, एवढीच ओळख आम्ही लोकांना करून दिली आहे. दोष त्यांचा नाही.

मला स्वतःला त्या बातमीनं वेगळ्याच ठिकाणी पकडलं होतं. १९ कोअर जोडायच्या कशा? आमच्या काचेत कोअर मधोमध असते. टोकं समोरासमोर आली की झालं, काच स्वतःभोवती फिरली तरी बिघडत नाही. १९ असल्या की नुसतं समोर आणून भागत नाही, काच गोल फिरवून प्रत्येक कोअर आपल्या जोडीदारासमोर आणावी लागणार. तशी फिरवणारी मशिनं आहेत, मी हाताळलेली नाहीत. शिवाय त्या काचेत कोअर इतक्या जवळ आहेत की एकीतला उजेड दुसरीत सांडतो. त्यांनी तो सांडू दिला आणि दुसऱ्या टोकाला गणितानं पुन्हा वेगळा केला. पावसात, ताडपत्रीखाली, गटाराच्या कडेला असा जोड मारायला मिळाला तर मी एक पगार सोडीन. हेल्परला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आधी हे चोवीस होऊ द्या."

त्या चोवीसांचंही ऐका. त्यातल्या चालू कोअर पाचसहाच. बाकीच्या अंधारात, पुढं लागतील म्हणून टाकून ठेवलेल्या. एका चालू कोअरवर जीपॉनचा (एकच काच अनेक घरांत वाटायची पद्धत) घरांकडं येणारा सेकंदाला अडीच गिगाबिट, तो स्प्लिटरनं ३२ घरांत वाटलेला. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते चमकले. "म्हणजे आपल्याच गावाखालून जाणाऱ्या पाऊण केबलमध्ये काहीच चालू नाही?" म्हटलं, नाही. खोऱ्याची भूक भागवायला या केबलला जपानची गरज नाही. ती फक्त तुटता कामा नये, आणि घरातला राउटर लोखंडी कपाटात ठेवता कामा नये. दुसऱ्या मुद्द्यावर टपरीवाल्यानं तोंड फिरवलं. त्याचा राउटर गल्ल्याखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे, मीच बघितलाय.

झाडाखालचा जेसीबी ऑपरेटर एव्हाना जवळ आला होता. विजापूरकडचा पोरगा, विशीतला. "भैया, मेरा पगार कटेगा क्या?" ते माझ्या हातात नव्हतं, तसं सांगितलं. मग तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "इसमें लाइट किधर है? कुछ दिखता नहीं." दिसत नाहीच. या उजेडाची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर, ती डोळ्याला दिसत नाही, आणि चालू कोअरच्या टोकात डोकावायचं तर मुळीच नसतं. पण लाल उजेड सोडणारं पेन होतं. कापून टाकलेल्या तुकड्यातली एक कोअर सोलली, एका टोकाला पेन लावलं. दुसऱ्या टोकाला अंधुक लाल ठिपका पेटला आणि मध्ये जिथं बकेटनं काच मोडली होती तिथं कवच सोलल्यावर ती जागाही लाल उजळली. गर्दी एकदम "आँ" करून पुढं आली. पेटाबिट ऐकून कुणी असा आवाज काढला नव्हता. ऑपरेटरनं त्या मोडक्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे मी केलं? मग तो तुकडा मागून घेतला, घरी दाखवायला म्हणाला.

आधी चालू कोअर जोडायच्या हा नियम, त्यामुळं अंधाऱ्या कोअर शिल्लक असतानाच गावं परत आली. त्या मुलीच्या आईचा मोबाइल टपरीच्या वाय-फायवर वाजला आणि ती तिथंच बाकड्यावर बसून कॉलेजं भरू लागली. मुंबईचा तरुण कानाला हेडफोन लावून पळाला. सेवा केंद्रापुढं पुन्हा रांग. जमलेल्यातलं कुणी आभार वगैरे मानत नाही, आणि मानायचं कारणही नाही. नळाला पाणी आलं म्हणून कुणी आभार मानतं का? आम्ही उरलेले जोड मारले, जोडांचा डबा, म्हणजे क्लोजर, बंद केला, चेंबरात लूप ठेवला आणि हेल्परनं त्याची लांबी या वेळी तरी वहीत लिहिली. चर खणणाऱ्यांना केबलवरून खडूनं नव्हे, चुन्यानं रेघ मारून दिली. पावसात चुना तरी किती टिकणार, पण दिली.

परत निघताना मोबाइल बघितला. सकाळच्या त्या 'वाचा आणि लाजा'वाल्या दुकानदाराचा नवा मेसेज होता, स्पीड टेस्टच्या फोटोसकट. त्याचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, फोटोत ९४.

'सहा कुठं गेले?'

त्याच्या राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे. डेटाच्या प्रत्येक पुडक्याला पत्ता-बित्ता चिकटवण्यात त्यातले पाचसहा जातातच, जगात कुठंही जातात. तसं सविस्तर लिहिलं. त्यानं वाचलं, निळ्या टिका आल्या, आणि उत्तर आलं:

'मग बिल ९४चं लावा.'