चहा आहे की काढा?

आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. पुड्या बांधत असताना एक प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. "काय हो, औषधातला अर्क काढतात म्हणून त्याला काढा म्हणतात ना?" प्रश्न कसला, उत्तरच असतं ते. मी फक्त मान डोलवायची. पण खरं विचाराल तर: नाही.

काढणे आणि काढा यांचं चुलत-मावसही नातं नाही. काढणे म्हणजे ओढून बाहेर आणणे, प्राकृतातलं 'कड्ढ'. काढा आला संस्कृत क्वाथातून. क्वथ् म्हणजे उकळणे, प्राकृतात त्याचं झालं 'कढ'. थ चा ढ कुठून आला म्हणाल, तर शिथिलचं ढिला झालंच की, आणि प्रथमचं प्राकृतात पढम. या कढाचा गोतावळा आपल्या स्वयंपाकघरभर पसरलाय. दुधाला कढ येतो, लोणी कढवतात, पाणी कढत असतं, आजाऱ्याला मुगाचं कढण देतात. कढीही त्यातलीच. घरातलं माणूस गेलं की रडण्याचे कढ येतात, तेही असेच आतून उसळून. कढई मात्र यांची कोणी नव्हे. ती संस्कृत कटाहाची लेक, तोंडवळा जुळतो म्हणून पंगतीत बसलेली. आणि सोलकढीला तर विस्तवही लागत नाही, तरी आडनाव कढी!

शब्दाचा एवढा कीस पाडायचा कशाला? कारण चुकीच्या व्युत्पत्तीने काढा बिघडतो. अर्क 'काढायचा' असं डोक्यात बसलं की माणसं पाण्याला रंग चढताच गॅस बंद करतात. २०२० साली कोरोनात आयुष मंत्रालयाने काढ्यासाठी तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका सांगितली, तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी हेच चाललं होतं.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याच्या हिशेबात तो काढाच नव्हे. गरम पाणी ओतून थोड्या वेळाने गाळलं तर तो फांट. रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी गाळलं तर हिम. म्हणजे टी-बॅगचा चहा झाला फांट, आणि "हा चहा आहे की काढा?" असं ज्याला आपण हिणवतो तो टपरीवरचा उकळ चहा क्वाथाच्या जास्त जवळचा. क्वाथाचं माप म्हणजे औषधाच्या १६ पट पाणी, आणि ते आटवून आठवा हिस्सा उरवायचा. एवढा वेळ आता कोणाला आहे? मी पुडीवर 'चार कपांचा एक' एवढंच लिहितो.

पुडीत भरड असते, बारीक पूड नाही. "मिक्सरमधून बारीक करून द्या की" म्हणणारेही येतात. पूड उकळली की गढूळ चिखल होतो, गाळणीतून उतरत नाही. भांड्यावर झाकण नको, आच मंद हवी.

"पण एक कप उरला हे कळणार कसं?" त्याची युक्ती आईची. आधी एकच कप पाणी ओतायचं, लाकडी चमचा उभा बुडवायचा, ओल जिथवर येईल तिथे दोरा बांधायचा. मग भरड आणि उरलेले तीन कप. पाणी खाली येत येत दोऱ्याला टेकलं की उतरवायचं. तो चमचा अजून आमच्याकडे आहे. दोरा कधीचा काळा पडलाय.