ढग आला तरी पान कामाला लागेना

माझं काम सांगितलं की लोकांना वाटतं मी बियाणं विकत फिरते. तसं नाय. पिकाच्या पानाला क्लिप लावायची, त्यावर लाइट मारायचा, मग पान उलटा जो अगदी मंद लालसर उजेड सोडतं (डोळ्याला दिसत नाय) तो मशीननं मोजायचा. त्याला म्हणतात क्लोरोफिल फ्लुरोसन्स. पान अर्धा तास अंधारात ठेवून मोजलं आणि आकडा 0.83 च्या आसपास आला की पान ठणठणीत, मग ते सोयाबीनचं असू दे नायतर वडाचं. आकडा बराच खाली आला की समजायचं पानाला ताण बसलाय, भले वरून ते हिरवंगार दिसत असलं तरी.

तर ऑगस्टमधली गोष्ट. वाळवा तालुक्यात नदीकडच्या पट्ट्यात एका काकांच्या वावरात गेलेले. सोयाबीन फुले संगम, म्हणजे केडीएस 726, आपल्या कसबे डिग्रजच्याच केंद्रातलं वाण. पावसानं ओढ दिलेली, ढग नुसते पळत होते, घटकेत ऊन घटकेत सावली. माप घेणाऱ्याला असला दिवस म्हणजे डोक्याला ताप, आकडे नाचत राहतात, पण एवढ्या लांब आलोय तर रिकामं कशाला जायचं म्हणून बसले क्लिप लावून.

आणि नेमकं त्याच दिवशी ते दिसलं जे मी आजवर फक्त पेपरात वाचलेलं. ऊन असताना प्रकाश 1,800 च्या वर (मायक्रोमोल, प्रकाश मोजायचं एकक), पानाची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला किती हिस्सा कामी लागला, ती 0.3 च्या आतबाहेर, ते ठीकच आहे, कारण कडक उन्हात सगळा प्रकाश पानाला वापरता येत नाय, जास्तीचा ते उष्णता करून सोडून देतं, नायतर आतली यंत्रणाच करपेल. मग ढग आला, प्रकाश धाडकन 300 वर. आता आहे तो सगळा प्रकाश पानानं वापरायला पाहिजे, आकडा वर जायला पाहिजे. पण तो चढेचना! अगदी हळूहळू, मुंगीच्या पावलानं वर सरकत होता, आणि पुरता चढायच्या आत ढग निघून परत ऊन. म्हणजे सावलीत जेवढा वेळ मिळाला त्यातला बराचसा पानानं उजेड उष्णता करून फेकण्यातच घालवला.

काकू शेजारी भांगलत होत्या, त्यांना जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्या सासूबाईगत. भांडान मिटलं तरी दोन दिस बोलत न्हाईत." सासूबाई बांधावरच्या आंब्याखाली बसलेल्या, त्यांनी ऐकलं का नाय देव जाणे.

पण काकूंचं बरोबर होतं. हा रुसवा लवकर घालवायचं कामच अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या लोकांनी केलंय. उन्हात पानातलं व्हायोलाझँथिन नावाचं रंगद्रव्य बदलून झिॲझँथिन होतं आणि उष्णता सोडायचं चालू होतं, सावलीत ते परत उलटं फिरायला वेळ लागतो. त्यांनी दोन्ही दिशांची एंझाइमं आणि सोबत उष्णता सोडायला मदत करणारं पीएसबीएस नावाचं प्रोटीन अशी तीन जनुकं वाढवली. 2016 ला तंबाखूत साधारण 15 टक्के जास्त वाढ मिळाली, 2022 ला सोयाबीनमध्ये असल्या बदललेल्या काही वाणांत 33 टक्क्यांपर्यंत जास्त दाणा. पण त्यावर शास्त्रज्ञांतच वादावादी झाली, आणि तोच प्रयोग अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपात केला तर 2020 ला उलटंच निघालं, वाढ कमी. त्यामुळं आकडा ऐकून लगेच उड्या मारणाऱ्यातली मी नाय. मला जास्त भारी वाटतं ते 2018 चं काम, नुसतं पीएसबीएस वाढवलेल्या तंबाखूनं तेवढाच कार्बन डायऑक्साइड आत घेताना सुमारे 25 टक्के कमी पाणी सोडलं. आटपाडी-जतच्या माणसाला हे सांगितलं तर तो पहिला विचारेल, बियाणं कुठं मिळतंय?

काकांनीपण तेच विचारलं. म्हटलं काका, त्यात दुसऱ्या झाडाची जनुकं घातलेली आहेत, आपल्याकडं असल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाय. पण बाहेरचं जनुक न घालता झाडाचं स्वतःचंच जनुक जरा बदललं तर 2022 पासून नियम सैल केलेत, 2025 ला भाताचे दोन वाण जाहीर झाले, त्यातला पुसा डीएसटी राइस 1 दुष्काळ आणि क्षारासाठीच आहे. क्षार म्हटल्यावर काका उठलेच. "चला, तुमास्नी खालचा कोपरा दाखवतो."

खालच्या कोपऱ्यात जमिनीवर पांढरी खार फुटलेली, टिपिकल क्षारपड. वरनं उसाचं पाणी झिरपून झिरपून पाण्याची पातळी वर आलेली. तिथली रोपं बुटकी, पण पानं मात्र चांगली हिरवी, उलट जरा गडदच. सूर्य कलल्यावर दोन्हीकडं अंधाराच्या क्लिपा लावल्या. वरच्या ओळीत 0.80. खालच्या कोपऱ्यात 0.61. परत मोजलं, तेच. वरच्या पानाचा रुसवा संध्याकाळपर्यंत गेलेला, खालच्याचं आत मोडलेलंच होतं. खारट पाणी मुळाला ओढता येत नाय, पान आपली तोंडं, म्हणजे हवा आत घ्यायची बारीक छिद्रं, मिटतं, आत कार्बन डायऑक्साइड येत नाय, आणि वरून ऊन तर पडतंच आहे, मग त्या प्रकाशानं यंत्रणाच मोडते. इथं पान कितीही लवकर सावरणारं केलं तरी मुळाशी खार तसाच. मी स्पष्ट सांगितलं, काका, या कोपऱ्याला आधी निचरा, बियाण्याचं नंतर बघू.

काका म्हणाले, पाइप टाकायची तयारी हाय, कर्ज पण काढतो, पण पाणी ओढ्यात सोडायचं तर खालच्या भावकीच्या वावरातनं न्यावं लागतंय आणि ते पाच वर्षं झाली बोलत न्हाईत. "तुमच्या मशिननं त्यास्नी क्लिप लावता येती का बगा."

आकडे वहीत उतरवले, क्लिपा गोळा केल्या. काकूंनी भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या आणि परत येताना भावकीच्या घरावरनंच जा म्हणाल्या, मॅडम सांगत्यात म्हटल्यावर ऐकतील कदाचित. गेले. दार उघडलं, चहा पण दिला, पाइपाचं नाव काढल्यावर म्हातारा म्हणाला दिवाळीनंतर बघू.